गजभियेबाई आणि एक किलोमीटरचा नियम

मे महिन्यातल्या एका सकाळी मी कैऱ्या किसत बसले होते आणि फोन वाजला. स्क्रीनवर गजभियेबाईंचं नाव. हात चिकट होते, म्हणून कोपरानंच कसाबसा स्पीकर लावला आणि नेहमीसारखी म्हणाले, "बोला! आज कुठला प्रश्न घालताय?"  पलीकडून त्यांची मुलगी प्रज्ञा म्हणाली, "काकू, मी बोलतेय... आई गेली." झोपेतच गेल्या होत्या. दुखणं नाही, दवाखाना नाही. आदल्या संध्याकाळी शेजारच्या मुलांना गच्चीवर पतंगाचे भूमितीतले आकार समजावून देत होत्या, असं तिनं सांगितलं. मी फोन ठेवला आणि पुन्हा किसायला लागले. सगळ्या कैऱ्या किसून झाल्यावर मला कळलं की आपण काय ऐकलंय.

गेलेल्या माणसाबद्दल खालच्या आवाजात बोलावं अशी आपल्याकडे रीत आहे. गेल्या काही आठवड्यांत मी दोनदा तसं लिहायला बसले आणि दोन्ही वेळा कागद फाडून टाकला. कारण वंदना गजभिये या बाईंबद्दल खालच्या आवाजात काही सांगताच येत नाही! त्यांची आठवण येते तीच मुळी धावत येते, धापा टाकत येते आणि आल्या आल्या विचारते, "काय करून राहिल्या लेलेबाई? चला नं, उठा!" तेव्हा वाचकांनी मला माफ करावं. हा लेख मी जरा मोठ्यानं लिहिणार आहे.

बिबवेवाडीत आमची महापालिकेची मराठी प्राथमिक शाळा आहे. मी तिथे बरीच वर्षं वरचे वर्ग शिकवत होते. कोथरूडहून बस, स्वारगेटला उतरून दुसरी बस आणि मग चालत. गजभियेबाई बदली होऊन आल्या त्या दिवशी पाऊस नव्हता, तरी त्यांच्या हातात छत्री होती. ती त्यांनी माझ्या टेबलावर आडवी ठेवली आणि वर्गांच्या दारांतून डोकावून येत विचारलं, "पोट्टे कुठी आहेत?"

"इंग्रजी शाळेत," मी म्हणाले.

आमच्या शिक्षकखोलीत अशा उत्तरांना उसासा टाकायची पद्धत होती. गजभियेबाई इतक्या मोठ्यानं हसल्या की मुख्याध्यापक बाहेर आले. मग हसू आवरून त्या म्हणाल्या, "मग आणू नं परत. नेलं कोणी, पळवून थोडीच नेलं!" भंडारा जिल्ह्यातल्या, भाताच्या गावातल्या त्या. आजोबांनी बौद्ध धम्म स्वीकारला तेव्हापासून त्यांच्या घरात शाळा चुकवणं हे एकच पाप शिल्लक राहिलं होतं, असं त्या सांगायच्या. नवऱ्याच्या नोकरीमागे पुण्यात आल्या, नवरा लवकर गेला, एकटीनं मुलगी वाढवली. पुण्यात इतकी वर्षं काढून त्यांची बोली जराही पुणेरी झाली नाही. माझ्या बोलण्यात मात्र हल्ली 'बाप्पा' येतं... घरचे हसतात. शेवटपर्यंत आम्ही एकमेकींना अहोजाहोच केलं. पण त्या 'अहो'त जेवढी सलगी होती तेवढी माझ्या सख्ख्या बहिणीच्या 'अगं'तही नसेल.

आमच्या शाळेला तेव्हा कोणता रोग लागला होता, ते सांगायला हवं. सरकारी नियमाप्रमाणे शाळेत मुलं किती, त्यावर शिक्षक किती हे ठरतं. मुलं कमी झाली की एक शिक्षक 'अतिरिक्त' ठरतो आणि दुसऱ्या शाळेत जातो. शिक्षक गेला की दोन वर्ग एका खोलीत बसतात. ते पाहून पालक म्हणतात, या शाळेत शिक्षकच नाहीत, आणि आणखी मुलं काढून घेतात. मग आणखी एक शिक्षक अतिरिक्त! त्यातून जे उरले त्यांना मतदारयाद्या, सर्वेक्षणं, रोजची ऑनलाइन माहिती. मी या चक्राकडे गुडघेदुखीकडे बघावं तशी बघत होते. आहे ते आहे, बाम लावायचा आणि झोपायचं. आणि एका वर्षी शेवटी ते पत्रक आलंच. पट कमी असल्यामुळे आमची शाळा मोठ्या रस्त्यापलीकडच्या शाळेत सामावून घेण्याचा प्रस्ताव आहे, हरकती असल्यास कळवाव्यात, सुनावणीला शिक्षण विभागाचे साहेब येतील.

मुख्याध्यापकांनी ते वाचून दाखवलं आणि चष्मा पुसत बसले. गजभियेबाई उभ्या राहिल्या. "कायदा आहे नं?" म्हणाल्या. "शिक्षणहक्काचा कायदा आहे. लहान पोट्ट्यांना घराजवळ शाळा देणं सरकारला भाग आहे. शाळेच्या समितीत जास्ती करून आईबाप पाहिजेत असं त्यात लिहिलं आहे. मग आईबापांना बोलवा नं! आपण कायले तोंड पाडून बसलो?"

दुसऱ्याच दिवशी पालक बोलावले. समिती आमच्याकडे होती, पण ती नुसती कागदावर, चहा पिऊन पांगायची. अध्यक्ष होती मंगल, सोसायट्यांमधून धुण्याभांड्याची कामं करणारी, दोन मुली आमच्या शाळेत. ती मागच्या बाकावर अवघडून बसली होती. गजभियेबाईंनी तिला पुढे बोलावलं तर म्हणाली, "बाई, मला सही करता येते, बोलता नाही येत."

"मग सही तरी कायले करता?" गजभियेबाई म्हणाल्या. "आधी बोला. सही मागून."

सगळे हसले, मंगलसुद्धा. आणि मग ती हळूहळू बोलायला लागली... तो मोठा रस्ता, त्यावरचे डंपर, सकाळच्या कामाच्या वेळा. कोण सोडणार मुलींना पलीकडे? सोडायला गेलं तर काम जातं. नाही सोडलं तर मोठी धाकटीला घेऊन घरी बसणार. एवढंच ती बोलली.  इतकी वर्षं मी ज्याला 'गळती' म्हणून तक्त्यात भरत होते, ते हे होतं.

सुनावणीचा दिवस मी जन्मात विसरणार नाही! साहेब सकाळी शाळा भरायच्या वेळेला आले. माणूस वाईट नव्हता, थकलेला होता. अशा कितीतरी शाळा त्यांच्या यादीत असणार. खुर्चीत बसून त्यांनी नकाशा उघडला आणि समजावून सांगितलं, "हे बघा, नियमानुसार पाचवीपर्यंतच्या मुलाला एक किलोमीटरच्या आत शाळा पाहिजे. पलीकडची शाळा नकाशावर एक किलोमीटरच्या आतच आहे. मग हरकत कसली?"

"नकाशावर डंपर नाहीत, साहेब," गजभियेबाई म्हणाल्या. मग छत्री उचलली. "चला, चालून बघू."

"आत्ता?"

"आत्ताच तर शाळा भरते नं!"

साहेबांनी मुख्याध्यापकांकडे पाहिलं. मुख्याध्यापकांनी नेमकं त्याच वेळी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. आणि बाहेर पहिलीचा वर्ग जोडीजोडीनं रांगेत तयार उभा होता, पाठीवर दप्तरं, शेजारी आया! त्यातल्या दोन मुलींनी काहीएक न विचारता साहेबांची एकेक तर्जनी धरली. पहिलीतल्या मुलींनी बोट धरल्यावर नाही म्हणणारा अधिकारी अजून कुठल्याही खात्यात भरती झालेला नसावा. वरात निघाली. पुढे गजभियेबाई छत्री उंच धरून, मध्ये साहेब, मागे मी, मंगल आणि बाकीच्या आया. गल्लीतली माणसं दुकानाबाहेर आली. कोणीतरी विचारलं, "काय हो बाई, सहल का?" गजभियेबाई ओरडल्या, "हो जी! सरकारी सहल!"

गल्ली संपेपर्यंत साहेब हसत होते. मोठा रस्ता लागला आणि त्यांचं हसू गेलं. फुटपाथ होता, पण त्यावर दुचाकी उभ्या होत्या आणि पुढे गटारासाठी खणून ठेवलेलं. रांग खाली डांबरावर उतरली. सिग्नल पडला, आम्ही निघालो, आणि पहिलीची पावलं ती, अर्धी रांग दुभाजकापाशी पोचली नाही तोच दिवा बदलला. दोन्ही बाजूंनी गाड्या सुटल्या. हॉर्न, धूर, कोणाच्या तरी शिव्या. एक मुलगी साहेबांना विचारत होती, "काका, धावायचं का?" आणि साहेब दोन्ही पोरींना पोटाशी धरून ओरडत होते, "नाही, नाही! थांब! कोणी हलायचं नाही!" समोरून एक डंपर आला. त्याचा वेग कमी होईना. तेव्हा त्या माणसानं... माझ्या डोळ्यांसमोर अजून आहे ते... पोरींना मागे सारलं, काखेतली फाइल दोन्ही हातांनी डोक्यावर धरली आणि रस्त्यात पुढे झाला! करकचून ब्रेक लागला. डंपर थांबला. रांग पलीकडे गेली. शेजारी मंगल शांतपणे म्हणाली, "बाई, हे रोजचं आहे."

पलीकडच्या शाळेच्या ओट्यावर साहेब बसले. शर्ट घामानं चिंब. कोणीतरी पाणी आणलं. ते पिऊन झालं, तशी त्यांचं बोट पुन्हा धरलेली ती मुलगी म्हणाली, "काका, आता परत पण जायचंय."

कोणी हसलं नाही. साहेबांनी फाइल मांडीवर घेतली. मग म्हणाले, "गजभियेबाई, निर्णय माझ्या हातात नाही हो. माझ्या हातात फक्त अहवाल आहे."

"मग तोच लिहा नं, साहेब. जसं चाललो तसं लिहा."

त्यांनी लिहिला असावा. प्रस्ताव स्थगित झाला. पण पट वाढवून दाखवा, नाहीतर पुढच्या वर्षी पुन्हा विचार करू, अशी शेपटी त्याला होतीच. मी म्हणाले, वाचलो. गजभियेबाई म्हणाल्या, "वाचलो कुठं, आता तर सुरू झालं!" आणि त्या उन्हाळ्यात त्यांनी मला बिबवेवाडीच्या अशा गल्ल्यांतून फिरवलं की इतकी वर्षं मी फक्त शाळेत येत होते, बिबवेवाडीत कधी आलेच नव्हते हे मला कळलं. बांधकामाच्या पत्र्याच्या खोल्या, टेम्पोवाल्यांच्या चाळी, छोटे कारखाने. विदर्भातून कामाला आलेली कुटुंबं कितीतरी. त्यांना वाटायचं, दाखला नाही, पत्ता नाही, कोण घेणार शाळेत? गजभियेबाई दारातच बसायच्या आणि गावाकडच्या बोलीत सुरू व्हायच्या, "काऊन वं बाई, पोरीले घरी ठेवली? कागद नसला तरी शाळेत घ्याच लागते, कायदा आहे तसा. मी घेतो नं!" त्या बायांचे चेहरे! परक्या गावात आपल्या गावचं कोणी दारात येऊन बसलं की माणूस कसा उजळतो, ते मी तेव्हा पाहिलं. मी शेजारी उभी राहून पाणी पीत असे. माझ्या शुद्ध मराठीचा तिथे काही उपयोग नव्हता. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा पहिलीच्या खोलीत बाक पुरेनात. मुख्याध्यापक सतरंजी शोधत धावत होते आणि गजभियेबाई व्हरांड्यात उभ्या राहून मला ओरडून सांगत होत्या, "लेलेबाई, बघा! बघा तर! पोट्टे कुठी आहेत विचारलं होतं नं मी!"

दोन-तीन वर्षं अशी भरल्या गोकुळासारखी गेली. आणि मग कायद्यानं आमच्याकडेच तोंड वळवलं. निवृत्तीला पुरेशी वर्षं शिल्लक असलेल्या जुन्या शिक्षकांनीही पात्रता परीक्षा द्यायची, उत्तीर्ण व्हायचं, नाहीतर नोकरी सोडायची, असा त्याच शिक्षणहक्काच्या कायद्यावरून न्यायालयाचा निकाल आला. आम्ही दोघी त्यात बसत होतो. त्या दिवशी पहिल्यांदाच मी गजभियेबाईंना गप्प पाहिलं. शाळेच्या जिन्यात बसून होत्या. "इतकी वर्षं शिकवलं," म्हणाल्या, "आणि आता विचारून राहिले, शिकवता येते का म्हणून..."  मला वाटलं, आता ही बाई मोडली.

दुसऱ्या दिवशी त्या शिक्षकांच्या मोर्चाला गेल्या, घोषणा देऊन घसा बसवून आल्या. आणि येताना वाटेत परीक्षेची पुस्तकं घेऊन आल्या! मी म्हणाले, "नक्की ठरवा हो, विरोध की अभ्यास?" त्या बसलेल्या आवाजात म्हणाल्या, "दोन्ही. कायदा आपल्या बाजूचा असला तर झेंडा करायचा आणि आपल्या अंगावर आला की फाडायचा, असं कसं जमंल? भांडू. पण नापास होऊन नाही भांडणार. पास होऊन भांडू."

मग दर रविवारी दुपारी त्या कोथरूडला माझ्याकडे यायच्या. माझ्या जेवणाच्या टेबलावर पन्नाशी ओलांडलेल्या दोन बायका, दोन चष्मे आणि बालमानसशास्त्र! माझे यजमान आम्हाला चहा देऊन गुपचूप गॅलरीत जायचे. मी पाठ करायची. गजभियेबाई प्रश्नपत्रिकेशी भांडायच्या. 'वर्गात लक्ष न देणाऱ्या विद्यार्थ्याबाबत शिक्षकाने प्रथम काय करावे?' खाली चार पर्याय. त्या पेन आपटून म्हणायच्या, "अ नाही, ब नाही, क नाही, ड नाही! त्या पोट्ट्याला भूक लागली आहे. आधी विचारा नं त्याला, सकाळी खाल्लं काय?" मी म्हणायची, "अहो, तो पर्यायच नाहीये." "हेच तर चुकलं नं परीक्षेचं!" पण मग निमूटपणे 'क' वर गोल करायच्या. आणि मधूनच एखादं वाक्य सापडलं की उठून उभ्याच राहायच्या. मूल चुकतं तेव्हा ते विचार करत असतं, अशा अर्थाचं काहीतरी एकदा वाचलं आणि टेबलाभोवती फेऱ्या मारायला लागल्या. "हे मला माहीत होतं लेलेबाई! मला माहीत होतं, पण असं म्हणता येते हे माहीत नव्हतं!" इतकी वर्षं शिकवलेली बाई, परीक्षेच्या सक्तीतून काही सापडलं म्हणून लहान मुलीसारखी आनंदली होती. सक्ती अन्यायाची होती असं मला आजही वाटतं. पण त्या रविवारांइतकी मजा मला कॉलेजातही आली नव्हती, हेही खरंच आहे.

परीक्षेच्या दिवशी आमच्या केंद्रावर त्यांच्या पुढच्याच बाकावर एक तरुणी आली. तिनं मागे वळून पाहिलं आणि किंचाळलीच, "बाई! तुम्ही?" त्यांच्या जुन्या शाळेतली विद्यार्थिनी, आता शिक्षिका होण्यासाठी परीक्षेला बसलेली. तिला रडावं की हसावं कळेना. गजभियेबाई म्हणाल्या, "समोर बघ. आणि माझं बघून लिहू नको, मला काही येत नाही." सगळं दालन हसलं. पर्यवेक्षकही हसले.

निकाल लागला. त्या पास झाल्या. मी थोडक्या गुणांनी नापास झाले. मी घरी कोणाला तोंड दाखवेना. गजभियेबाई पेढे घेऊन आल्या, आधी एक माझ्या तोंडात कोंबला आणि म्हणाल्या, "दोघींमधली एक पास. म्हणजे निम्मं काम झालं. आता उरलेलं निम्मं!" त्यांचं काम संपलं होतं, तरी त्या पुन्हा रविवारी यायला लागल्या. शिवाय रोज सकाळी फोन. 'हॅलो' नाही, काही नाही, थेट प्रश्न. उत्तर चुकलं की पलीकडून "बाप्पा!" एप्रिलच्या शेवटी आम्ही स्वारगेटला उसाचा रस प्यायलो, ती शेवटची भेट. उन्हात डोळे बारीक करून त्या पुढच्या वर्षीचे बेत सांगत होत्या. मी म्हणाले, "जरा दम घ्या हो." "दम लागला नाही तर घेऊ कायले?" म्हणाल्या, आणि धावत बस पकडली.

त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला हॉल भरून बाहेर गर्दी उभी होती. त्रिसरण-पंचशील झाल्यावर प्रज्ञानं कोणी बोलणार का विचारलं, आणि सगळ्यांच्या आधी मंगल उठली. माईक हातात घेतला, कोणाकडेही न बघता सुरुवात केली आणि थांबलीच नाही.

यंदा शाळा उघडली तेव्हा मुख्याध्यापकांनी गजभियेबाईंचा वर्ग मला दिला. गेल्या वर्षी त्यांनी पहिलीला शिकवलेली मुलं आता दुसरीत आलेली. मी आयुष्यभर सगळ्यात वरच्या मजल्यावर मोठ्या मुलांना शिकवलं. इतक्या लहानांच्या वर्गात मी कधी पाऊल टाकलं नव्हतं. कोणी रडलं तर? सगळीच रडली तर? दिवस कसा गेला ते सांगता येणार नाही. घसा सुकला, खडू मोडले, एक दप्तर खिडकीबाहेर गेलं आणि परत आलं. शेवटची घंटा झाली तेव्हा मी खुर्चीत कोसळले आणि म्हणाले, "चला, रांग करा."

एकही मूल दाराकडे गेलं नाही. सगळी खिडकीकडे पळाली, बाकांवर चढली आणि गजांना चिकटली. मी घाबरून ओरडले, "अरे, उतरा! काय चाललंय?" एक मुलगी मागे वळून, मला समजावण्याच्या सुरात म्हणाली, "बाई, घरी जायच्या आधी ओरडायचं असतं. आज काय आलं ते. आमच्या बाईंनी सांगितलंय." वरच्या मजल्यावर रोज सुटीच्या वेळी एक गलका ऐकू यायचा आणि मला वाटायचं, लहान वर्ग, आवरत नसतील पोरं. तो गलका हा होता!

एकेक जण ओरडायला लागलं. "मला आज 'ऋ' काढता आला!" "मला हातच्याची बेरीज आली!" "मला आज रडू नाही आलं!" आणि प्रत्येक वेळी खाली गल्लीतून इस्त्रीवाला, मान वर न करता, हातातली इस्त्री न थांबवता ओरडत होता, "शाब्बास!" सगळ्यांचं झालं. मग ती मुलगी बाकावर थोडी सरकली, शेजारची जागा हातानं पुसली आणि म्हणाली, "बाई, तुमचं?"

मी बाकावर चढले. गज धरले. जेवढा होता नव्हता तेवढा आवाज काढून ओरडले, "मला आज दुसरीचा वर्ग घेता आला!"

खाली इस्त्री थांबली. त्या माणसानं पहिल्यांदाच मान वर केली, मला पाहिलं आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "शाब्बास, बाई! शाब्बास!"